मीठ नाकापर्यंत पोचतं का? सर्दी-पडशात मिठाच्या पाण्याचा घरगुती वापर

गणपती उठले की पुण्यात आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नाकात बोलणारी गिऱ्हाइकं वाढतात. "डाक चोंदलंय हो," असं म्हणत येतात, आणि डाक म्हणजे नाक हे आम्हाला सवयीनं कळतं. मागच्या वर्षी अशाच एक काकू वाफाऱ्याचं मशीन पिशवीत घालून आल्या. "रोज चमचाभर मीठ घालून वाफ घेते. चार दिवस झाले, फरक शून्य. मशीन बिघडलंय का बघता?" मी झाकण उघडलं तर तळाशी पांढरी खरवड. म्हटलं, काकू, मशीन ठीक आहे. तुमचं चारही दिवसांचं मीठ इथंच बसलंय.

मीठ वाफेबरोबर उडत नाही. पेणकडे जाताना मिठागरं पाहिली असतील तर हे वेगळं सांगायला नको. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ वाफ्यात राहतं, म्हणून तर ते गोळा करता येतं. पातेल्याचंही तेच. तुम्ही मूठभर मीठ घातलंत तरी नाकात जाते ती नुसत्या पाण्याची वाफ. (काही मशीनसोबत चिमूटभर मीठ घाला असं लिहिलेलं असतं, ते पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून. औषध म्हणून नव्हे.) वाफेनं घटकाभर मोकळं वाटतं, घ्यायची तर घ्या. पण लहान मूल घरात असेल तर कढत पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून टॉवेल डोक्यावर घेण्याचा प्रकार बंद करा. कोविडच्या दोन वर्षांत वाफेच्या नादानं भाजलेली मुलं बऱ्याच देशांतल्या डॉक्टरांनी पाहिली.

तर मिठाचा उपयोग करून घ्यायचा असेल तर ते द्रवाच्या रूपात, जिथं विषाणूनं ठाण मांडलंय तिथं पोचलं पाहिजे. साध्या सर्दीत ती जागा नाक आणि घसा आहे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

मीठ तिथं जाऊन करतं काय?

पहिलं काम हमालाचं. घट्ट शेंबूड पातळ होतो, धुऊन निघतो, आणि नाकाच्या आतल्या त्वचेवरचे बारीक केस, जे एरवी कचरा घशाकडे ढकलत असतात, ते पुन्हा कामाला लागतात. पाणी शरीरापेक्षा जरा जास्त खारट असेल तर सुजलेल्या त्वचेतलं पाणी ते बाहेर ओढून घेतं. कैरीला मीठ चोळल्यावर पाणी सुटतं तसंच. दुसरं काम प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. एडिंबरामधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की श्वासमार्गाच्या पेशींना मिठातलं क्लोराइड मिळालं की त्यापासून त्या हायपोक्लोरस आम्ल तयार करतात आणि विषाणूची वाढ मंदावते. काचेच्या बशीत दिसलं ते नाकात तेवढ्याच जोरात होतं असं मात्र धरून चालू नये.

माणसांवरचे प्रयोग जास्त कामाचे. त्याच गटानं मोठ्या माणसांना घरीच मिठाचं पाणी बनवून नाक धुवायला आणि गुळण्या करायला लावल्या. प्रयोग छोटा होता, पण सर्दी सरासरी १.९ दिवस आधी बरी झाली. मग सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांवर त्यांनी खारट थेंबांचा प्रयोग केला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. थेंब घातलेल्या मुलांची सर्दी ६ दिवस टिकली, बाकीच्यांची ८ दिवस, आणि घरातल्या इतरांना सर्दी लागण्याचं प्रमाणही कमी. त्याच वर्षी ब्रिटनमध्येच सुमारे १३,८०० प्रौढांवरचा मोठा अभ्यास 'लॅन्सेट'च्या श्वसनविकार नियतकालिकात आला. सहा महिन्यांत आजारपणाचे दिवस नेहमीच्या उपचारात सरासरी ८.२, सलाइनचा (म्हणजे मिठाच्या पाण्याचा) फवारा वापरणाऱ्यांत ६.४. अँटिबायोटिकचा वापरही घटला. आता फवारा मारणाऱ्याला आपण मारतोय हे ठाऊक असतंच, त्यामुळे थोडा फरक मनाचाही असणार. तरी काउंटरच्या अलीकडे उभं राहून मी रोज ज्या रंगीत बाटल्या विकतो, त्यांतल्या बऱ्याच जणींपेक्षा मिठाची बाजू भक्कम आहे.

दीड-दोन दिवस वाचतात, एवढंच. न्यूमोनिया यानं बरा होत नाही, फ्लूची लस आणि डॉक्टर यांची जागा हे घेत नाही.

आधी पाणी, मग मीठ

लोक मिठाबद्दल दहा प्रश्न विचारतात. सैंधव घेऊ का, समुद्री घेऊ का, गुलाबी घेऊ का. पाण्याबद्दल एकही विचारत नाही. खरी गफलत तिथं होते.

पोटात आम्ल असतं, ते पुष्कळ जंतू मारतं. नाकात तसा पहारेकरी नाही. नळाच्या किंवा साठवणीच्या पाण्यात क्वचित नेगलेरिया फाउलरी नावाचा अमीबा असतो. तो पिण्यात आला तर काही होत नाही, पण नाकात वरपर्यंत गेला तर मेंदूत शिरतो आणि रुग्ण सहसा वाचत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं जलनेती (तोटीच्या झारीनं नाक धुणं) करणारे दोघं असे दगावले. केरळमध्येही या अमीबाचे रुग्ण गेल्या काही वर्षांत सापडले आहेत. घाबरवण्यासाठी सांगत नाही, धोका अत्यंत विरळा आहे. पण टाळायला लागतो तो फक्त गॅस.

आणि पुणेकरांना पाण्याचा भरवसा किती, हे २०२५ च्या जानेवारीत दिसलंच. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा पहिलं बोट पाण्याकडेच गेलं. खडकवासल्याचं पाणी शुद्ध होऊन निघत असेलही, पण मध्ये टँकर आहे, सोसायटीची जमिनीखालची टाकी आहे, गच्चीवरची टाकी आहे. म्हणून:

पाणी झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात खळखळून उकळू द्या आणि उकळी आल्यावर तीन ते पाच मिनिटं तसंच राहू द्या. झाकण न काढता गार करा. आरओचं पाणी, बिसलरीचं पाणी, जारचं पाणी हे सगळं पिण्यासाठी असतं, नाकासाठी निर्जंतुक नसतं, तेही उकळायचं. उकळलेलं पाणी माठातल्या डावानं काढू नका, हा वेडेपणा मी प्रत्यक्ष पाहिलाय. उकळायचा कंटाळा असेल तर मेडिकलमधून ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक नॉर्मल सलाइन घ्या. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नका.

मीठ किती

शरीराच्या खारटपणाशी जुळणारं पाणी म्हणजे ०.९ टक्के, लिटरला ९ ग्रॅम मीठ. डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट. नुसत्या पाण्यानं नाक धुतलं तर झोंबतं. टिळक तलावात पहिली उडी मारताना नाकात पाणी गेल्यावर डोक्यात जी कळ जाते, ती हीच. आणि मीठ फार झालं तरी झोंबतं. बहुतेक जण पहिल्याच दिवशी या दोनपैकी एक चूक करतात आणि "मला नाही सोसत" म्हणून झारी माळ्यावर टाकतात.

चमच्याचं माप फसवं आहे. आपल्या घरात चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा आणि मसाल्याच्या डब्यातला चमचा असे तीन तरी आकार असतात, आणि सपाट व शिगोशीग यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. किचनचा डिजिटल वजनकाटा असेल तर एकदाच एक काम करा: ठरलेल्या चमच्यानं सपाट दहा चमचे मीठ मोजून वजन घ्या आणि दहानं भागा. हे काटे एक-दोन ग्रॅमला अडखळतात, दहा चमच्यांना नाही. तुमच्या चमच्याचं वजन मग कायमचं कळलं. बारीक दळलेल्या मिठाचा सपाट चहाचा चमचा साधारण ५ ते ६ ग्रॅमचा भरतो. म्हणजे अर्धा लिटर पाण्याला सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी, पाव लिटरला अर्ध्या चमच्यापेक्षा थोडं कमी.

नाक फारच चोंदलं असेल आणि मोठ्या माणसाला सोसत असेल तर पाव लिटरला सपाट पाऊण चमच्यापर्यंत जा, म्हणजे दीड-पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. त्यापुढं घरी जायची गरज नाही. झोंबत असेल तर खायचा सोडा चिमूटभर टाका, त्यानं पाणी सौम्य होतं. बेकिंग पावडर नव्हे, खायचा सोडा.

मीठ कुठलं, तर साधं बारीक, शक्यतो आयोडीन आणि मोकळं ठेवणारी पावडर नसलेलं. आयोडीनचं असेल तरी बहुतेकांना चालतं, काहींना चुरचुरतं. सैंधव घ्यायचं तर घ्या, त्यात जास्त गुण नाही. मात्र त्यात बारीक कच असते, म्हणून पाण्यातच उकळून, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडातून गाळून घ्या. खडे मीठ पूर्ण विरघळलं नाही तर कण तोटीत जाऊन बसतात आणि मग झारीतले शुक्राचार्य शोधायला दर्भाची काडी लागते.

झारी कशाची असावी? तांब्याची नको. तांबट आळीतली तांब्या-पितळेची भांडी मला फार आवडतात, पण मिठाचं पाणी आणि तांबं यांचं जमत नाही, हिरवट कळंक येतो. स्टील, चिनी माती किंवा जाड प्लास्टिकची घ्या. घरात जितकी नाकं तितक्या झाऱ्या.

नाक धुणं

पुण्याच्या माणसाला जलनेती नवीन नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेत जाऊन आलेलं कोणी ना कोणी प्रत्येक सोसायटीत असतंच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ती संस्था काढली ती या जुन्या क्रिया शास्त्राच्या कसोटीला लावण्यासाठी. पण निरोगी असताना शिकलेली नेती आणि सर्दीत करायची नेती यांत थोडा फरक आहे. सर्दीत घाई आणि जोर दोन्ही कमी.

हात साबणानं धुवा. पाणी कोमट हवं, मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही. झारीत साधारण पाव लिटर घ्या, अर्धं एका नाकपुडीला, अर्धं दुसरीला.

बेसिनवर पुढं वाका, कमरेतून. मग मान एका खांद्याकडे वळवा, अशी की एक नाकपुडी वर आणि दुसरी खाली येईल. कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत ठेवा. हनुवटी वर गेली की पाणी घशात उतरतं आणि ठसका लागतो. तोंड उघडं ठेवा आणि तोंडानंच श्वास घ्या. सगळी क्रिया या एका गोष्टीवर अवलंबून आहे. गिळू नका, बोलू नका, "आई, कसं चाललंय?" असं दारातून विचारणाऱ्या लेकाला हातानंच गप्प करा.

वरच्या नाकपुडीला तोटी टेकवा, झारी हळू उचला. पाच-दहा सेकंदांत खालच्या नाकपुडीतून धार लागते. नाही लागली तर नाक पूर्ण बंद आहे. झारी उंच धरून दाब वाढवू नका. सलाइनचे दोन-तीन फवारे मारून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाहा. तरीही बंद असेल तर आज फवाऱ्यावरच भागवा. अडलेल्या नाकात जोरानं ढकललेलं पाणी कानाकडे जातं आणि दोन दिवस कानात दडे बसतात.

दोन्ही बाजू झाल्या की तसंच वाकून मिनिटभर पाणी ठिबकू द्या. मान उजवीकडे, डावीकडे. मग दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकं शिंकरा. एक बोटानं दाबून दुसरीतून जोरात शिंकरण्याची आपल्याकडची सवय इथं सोडावी लागेल, कारण तेही कानावरच येतं. लगेच आडवं होऊ नका. अर्ध्या तासानं खाली वाकल्यावर नाकातून अचानक चमचाभर पाणी येईल, ते दडून राहिलेलं असतं. बाहेर पडण्याआधी खिशात रुमाल ठेवा.

दिवसातून दोन-तीनदा पुरे. एकदा सकाळी, एकदा झोपायच्या तासभर आधी. सर्दी गेली की बंद करा. झारी साबणानं धुऊन पालथी वाळू द्या, ओलसर झारी कपाटात ठेवू नका. उरलेलं पाणी फेकून द्या.

कान दुखत असेल, घोळणा फुटत असेल, नाकाचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा घास गिळताना ठसका लागणारी वयस्कर व्यक्ती असेल तर झारी नको. शाळकरी मुलांना सांगितलेलं कळत असेल आणि ती स्वतः तयार असतील तरच, जबरदस्ती अजिबात नाही.

गुळण्या तर आजीच्या काळापासून आहेत. तेच पाणी, घोट तोंडात, मान मागं, तीस सेकंद, थुंका. बीपीवाले विचारतात मीठ चालेल का. थुंकताय तोवर चालेल.

तान्ही आणि लहान मुलं

नाक चोंदलं की तान्हं बाळ दूध ओढू शकत नाही, कारण ते नाकानंच श्वास घेत पीत असतं. म्हणून थेंब घालायचे ते दूध पाजण्याच्या आधी. मेडिकलमधून तयार सलाइनचे थेंब घ्या, घरचं पाणी बाळाच्या नाकात नको. बाळाला उताणं ठेवून मान किंचित मागं, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबा. शिंक आली तर काम झालं. नाही आली आणि शेंबूड दिसतोय, तर रबरी फुग्यानं हलकेच ओढा. फुगा आधी दाबायचा, मग नाकपुडीच्या तोंडाशी लावायचा, मग सोडायचा. आत खुपसायचा नाही. दिवसातून चार वेळा चालतं.

इथं आमच्या धंद्यातली एक धोक्याची जागा सांगतो. "बाळाच्या नाकाचे थेंब द्या" एवढंच सांगून लोक बाटली नेतात. नाक चोंदल्यावर मिळणारे थेंब दोन जातींचे असतात. एक नुसतं सलाइन. दुसरे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे, जे रक्तवाहिन्या आकसून नाक उघडतात. दुसरे मोठ्यांनीही तीन-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं, आणि तान्ह्याला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. लेबलवर सोडियम क्लोराइड सोडून दुसरं नाव आहे का, ते दुकानातच वाचा.

नेब्युलायझर

कोविडनंतर नेब्युलायझर, म्हणजे द्रव औषधाचं धुकं करणारं यंत्र, मिक्सरइतकंच घरोघरी आलं. त्याच्या धुक्याचे कण १ ते ५ मायक्रॉनचे असतात, म्हणजे ते नाक-घसा ओलांडून छातीत उतरावेत म्हणूनच इतके बारीक केलेले. साध्या सर्दीत बिघाड नाकात आणि आपण पाणी पाठवतोय फुफ्फुसात, हा पत्ताच चुकला. खोकला ओला आहे, कफ सुटत नाही आणि डॉक्टरांनी सांगितलंय, तर गोष्ट वेगळी.

त्यांनी नॉर्मल सलाइन लिहिलं असेल तर निर्जंतुक अँप्यूल (बंद छोटी कुपी) फोडून, साधारण ३ मिली, यंत्राच्या कपात घ्या. ताठ बसा, मास्क नीट टेकलेला हवा, संथ श्वास, दहा मिनिटं. घरी कालवलेलं मिठाचं पाणी, निलगिरीचं तेल, बाम, यातलं काहीही त्या कपात घालायचं नाही. हे धुकं खोलीभर पसरतं आणि आजारी माणसाचा उच्छ्वासही त्यात असतो, म्हणून खिडकी उघडी आणि आजी-आजोबा दुसऱ्या खोलीत. प्रत्येक वेळेनंतर कप आणि मास्क धुऊन वाळवा.

३ टक्क्यांच्या अँप्यूलही मिळतात. त्या स्वतःहून विकत घेऊ नका. एवढं खारट धुकं छातीला डिवचतं. क्षयाच्या तपासणीसाठी थुंकी निघत नसेल तर मुद्दाम तेच देतात, खोकला उठावा म्हणून. सिस्टिक फायब्रोसिसच्या (छातीत चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार) रुग्णांना ७ टक्क्यांचंही देतात, पण आधी श्वासनळ्या उघडणारं औषध देऊन. दमेकऱ्यानं विनासल्ला घेतलं तर श्वासनळ्या आवळून रात्री इमर्जन्सी गाठायची वेळ येईल.

मिठाच्या खोल्या

पोलंडमधल्या वियेलिच्का इथल्या मिठाच्या खाणीत फेलिक्स बोच्कोव्स्की या डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात खाणीतल्या हवेवर उपचार सुरू केले आणि १८४३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या शहरांतल्या मिठाच्या खोल्या म्हणजे त्याचीच नक्कल. गुलाबी विटांच्या भिंती, मंद दिवे, आरामखुर्च्या. पण भिंतीतलं मीठ भिंतीतच राहतं, काकूंच्या मशीनसारखं. काही होत असेल तर ते कोरडं मीठ दळून हवेत सोडणाऱ्या यंत्रानं. तेव्हा आत शिरण्याआधी ते यंत्र कुठं आहे, हे विचारा. विषाणूच्या सर्दी-तापात या खोल्यांचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि ताप-खोकला घेऊन बंद खोलीत चार अनोळखी माणसांसोबत पाऊण तास बसणं हे त्या चौघांवर अन्यायाचं. मिठाचे दिवे शोभेला छान दिसतात.

मीठ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी?

ताप तीन दिवसांपुढे टिकला, बरं वाटून पुन्हा ताप चढला, बोलताना धाप लागली, छातीत दुखलं, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला, तर वाट पाहू नका. गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी आणि साठीपुढच्यांनी फ्लूची शंका असेल तर पहिल्या दोन दिवसांतच दाखवा, कारण फ्लूच्या गोळ्यांचा उपयोग तेव्हाच जास्त होतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट दवाखाना.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, अंगावरचं झबलं वर करून पोटाकडे पाहा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही.